रियाल सुटेल तेव्हा

सुरय्याने तांदळाची एक मूठ परत डब्यात टाकली.

झालं ते एवढंच. ना भांडं पडलं, ना कुणाचा आवाज चढला. जैतूनबी स्वयंपाकघराच्या दारात रिकामा कप घेऊन उभी होती आणि सुनेची पाठ तिच्याकडे होती. मापट्याने मोजून उकडा तांदूळ तपेल्यात पडला, वर नेहमीची जादा मूठ पडली, येणाऱ्याची मूठ म्हणतात ती, आणि मग सुरय्याचा हात तपेल्यावर अडखळला. बोटं पुन्हा तांदळात शिरली, मूठ वळली, आणि डब्याच्या कडेकडेने, दाणा वाजणार नाही अशा बेताने, तो तांदूळ पुन्हा आत उतरला. त्या न वाजलेल्या दाण्यांनीच जैतूनबीचं कानशील तापलं. सुनेने तोंडावर सांगितलं असतं, अम्मी, तांदूळ महागलाय, जादा मूठ बंद करूया, तर तिने चार शब्द सुनावून तिचा चेहरा उतरवला असता आणि दुपारपर्यंत विसरून गेली असती. ज्या घरात येणाऱ्याची मूठ पडत नाही त्या घरात येणारे येत नाहीत, आणि मग घराला घर कोण म्हणेल, हे तिचं ठरलेलं वाक्य तोंडात तयार होतं. ते बाहेर पडलं नाही. पंचवीस वर्षं दोह्यात, नजमा भागातल्या याच दोन खोल्यांत, किती तांदूळ शिजणार हे जैतूनबीने ठरवलं होतं. कुठला मासा येणार, कुणाच्या ताटात डोकं आणि कुणाच्या ताटात शेपूट, ईदला कुणाला कपडे आणि कुणाला नुसती मिठाई, पोराने कुठल्या शाळेत जायचं, पोरीने कुठल्या घरी. आणि आता ती स्वतःच्या दारात उभी राहून चोरासारखी बघत होती, आणि जिने चोरी केली ती शांतपणे तांदूळ धूत होती. जैतूनबी आली तशी मागे फिरली. आपण मागे फिरलो, हे तिला दिवाणावर टेकल्यानंतर कळलं.

आज दिवस वेगळा आहे, तिने मनाला समजावलं. आज भांडण नको. आज सहा भाऊ बसलेत. टीव्हीवर सकाळपासून खाडीतल्या सहा देशांची ती बैठकच चालली होती. सौदी, कुवेत, बहरीन, ओमान, अमिराती, आणि यजमान आपला कतार. विमानं उतरत होती, गालिचे अंथरले होते, पांढऱ्या झब्ब्यांवर काळ्या-सोनेरी अबा चढवलेली माणसं एकमेकांच्या नाकाला नाक लावत होती. समुद्रकाठचा कॉर्निशचा रस्ता बंद, म्हणून फजल सकाळी वेस्ट बेच्या बँकेत जायला रोजच्यापेक्षा लवकर निघाला होता. जाताना तिने विचारलं होतं, "आज होणार ना रे?" तो बूट घालत म्हणाला, "इन्शाल्ला, अम्मी." वर बघितलं नव्हतं त्याने. जैतूनबीला अरबी यायची ती मासळीबाजारापुरती. शाळा तिने दुसरीत सोडलेली. कुराण वाचता यायचं, मराठी सहीपुरती. पण माणसं वाचायला शाळा लागत नाही. लग्नाच्या मांडवात कोण रुसलंय, कोण जेवायला थांबणार नाही, कोणाचं कोणाशी वरवरचं गोड आहे, हे तिला नुसत्या बसण्यावरून कळायचं. तसं ती या सहाजणांकडे बघत होती. पडद्यावर सगळे हसत होते. जिथे सगळेच हसतात तिथे काही ठरत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते तिथेच दाबलं.

मे महिन्यात नफिसाचा फोन आला होता तेव्हापासूनचं हे दुखणं. नफिसा तिची लेक, कुवेतला दिलेली. "अम्मी, आमचा दिनार सुटला!" असं ती खिदळत म्हणाली होती, जसं काही घरात बाळंतपण सुखरूप पार पडलं. सुटला म्हणजे काय, हे फजलने रात्री जेवताना ताटाच्या कडेला बोटाने पाणी ओढून समजावलं. हा डॉलर. याला आपला रियाल बांधलाय, सगळ्या खाडीवाल्यांची नाणी बांधली आहेत. डॉलर पडला की सगळी पडतात. आता डॉलर पडतोय, म्हणून बाहेरून येणारं सगळं महाग, आणि घरी पाठवलेल्या रियालाचे रुपयेही कमी. कुवेतने ती गाठ सोडून दिली, आता त्यांचं नाणं वर चढेल. "मग कतारही सोडेल," जैतूनबी म्हणाली होती. "ह्याच्याकडे तर गॅस आहे, उशाशी समुद्रभर गॅस." फजल हसला होता. "सोडायला अडचण आहे अम्मी. सहाजणांनी मिळून एकच नाणं काढायचं ठरवलंय, दोन हजार दहा सालात. तोवर कुणी आपली गाठ सोडायची नाही असा करार. ओमान तर आधीच म्हणाला, मी नाही येत. आता कुवेतने हे केलं. तिसरा फुटला तर राहिलं काय?" "म्हणजे चुली वेगळ्या आणि फुंकणी एकच," ती म्हणाली. "आणि थोरला कोण ह्यांच्यात?" "सौदी." "झालं तर. थोरल्याला विचारल्याशिवाय धाकट्याने पाणी प्यायचं नाही, हेच ना? मला नको शिकवू हे." सुरय्या तेव्हा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला होता का? तेव्हा जैतूनबीने बघितलं नव्हतं. सुनेच्या हाताकडे बघायची सासूला गरज काय?

खरं म्हणजे तिला ते सगळं एका क्षणात कळलं होतं, बँकेतल्या माणसालाही कळणार नाही असं. जयगडच्या खाडीकाठी ती वाढली. होडी खुंट्याला बांधायची तर दोर सैल ठेवावा लागतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोर आखूड बांधला तर ओहोटीला होडी छान दिसते, ताठ उभी. आणि भरती आली की तीच होडी वर येऊ शकत नाही, पाणी काठावरून आत शिरतं, बांधलेल्या जागीच बुडते. तिच्या चुलत्याची होडी अशी गेली होती. वादळ नाही, वारा नाही, लख्ख चांदणं, आणि सकाळी नुसता दोर ताठ पाण्यात गेलेला. आता दोह्यात भरती आली होती. वेस्ट बेला रोज एक मनोरा उगवत होता, क्रेनांचं रान माजलं होतं, जगभरातून माणूस ओतला जात होता, आणि पाणी काठावरून आत येत होतं: दुधात, पिठात, भाड्यात. सप्टेंबरात फजल कपाळाला हात लावून म्हणाला होता, "अमेरिकेत घरं ओस पडली म्हणून त्यांनी व्याज उतरवलं. आता ह्यांनाही ते उतरवावं लागणार. इथे भाव कमी करायला व्याज चढवायला हवं, पण चढवता येत नाही, नाणं बांधलेलं आहे." "दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला," जैतूनबी म्हणाली, आणि फजलने चमकून आईकडे बघितलं. तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचा आता तिला राग आला.

कारण ती पैज लावून बसली होती. धाकटा भाऊ ताठ आहे, श्रीमंत आहे, तो फुटेलच, अशी पैज. तिने स्वतः एकदा फुटून दाखवलं होतं. नवऱ्याच्या, रहमानच्या, घरी चार भाऊ, एक थोरला, आणि थोरल्याची बायको म्हणजे कंबरेला किल्ल्या लावलेली भिंत. रहमान दोह्याच्या गोदीत मालाची मोजणी करायचा, पगार सगळा गावी, आणि जैतूनबीला दोन साड्या मागायला थोरलीच्या तोंडाकडे बघावं लागायचं. एका शाबानच्या महिन्यात तिने पोरांना काखेला मारलं आणि भर अंगणात सांगितलं, माझा नवरा कमावतो तिथे मी राहणार. तुमच्या मातीतला आमचा वाटाही तुम्हालाच लखलाभ. रहमानने लिहून दिलं, वाटा सोडला. तो कधी त्याबद्दल बोलला नाही. बोलायचा नाहीच तो फारसा. संध्याकाळी गोदीतून आला की पाय गरम पाण्यात सोडून बसायचा आणि म्हणायचा, रियाल बरा, रियाल हलत नाही, आपण हललो तरी तो हलत नाही. नव्व्याण्णव साली गेला. गोदीवरच छातीला हात लावला आणि खाली बसला, बसला तो उठला नाही. इथेच पुरला, अबू हामूरच्या कबरस्तानात, बायकांना आत जायचं नाही म्हणून जैतूनबीने भिंत बघितली फक्त. ईदला फजल गाडी त्या भिंतीला लागून हळू करायचा, आणि ती काचेतून बघायची: लांबच लांब, मातकट, मागे एकही झाड नाही, आणि त्या भिंतीपलीकडच्या कितव्या ओळीत तो आहे हे फजलला ठाऊक, तिला नाही. माणूस ज्या देशात पुरला तो देश आपला, असं तिला वाटायचं. मग तिने वही-पेन न घेता, कुणाला न विचारता, त्या देशावर विश्वास टाकला. ही चूक म्हणायची का? विश्वास टाकला तेव्हा ते शहाणपण होतं.

रहमानची एकच इच्छा राहिली होती. गावाजवळ, डांबरी रस्त्याला लागून, त्याच्या चुलतभावाची, आफताबची, माडांची वाडी होती. आफताब मुंब्र्याला असायचा. वाडी रहमानलाच द्यायची असा त्याने शब्द दिलेला, आणि रहमान गेल्यावरही तो शब्द पाळून होता. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला: भाभी, आता घेऊन टाका, माझ्याही पोरांना गरज आहे. पैसे होते. फजल महिन्याचा सगळा पगार जैतूनबीच्या हातात देत होता, तो तिच्या लोखंडी पेटीत जात होता, पेटीची किल्ली तिच्या गळ्यात. फजल पाठवायलाच निघाला होता, आणि मध्येच कुवेतची गाठ सुटली. "थांब," जैतूनबी म्हणाली. "रियाल सुटेल तेव्हा पाठवू. त्याच पैशात विहीरही होईल." फजल म्हणाला, "अम्मी, पाठवून मोकळं होऊ." ती म्हणाली, "तुला घाई कसली? तुझ्या बापाची जमीन आहे, माझ्या बापाची नाही. त्याला जे वाटलं असतं ते मला कळतं." फजल चौतीस वर्षांचा होता, बँकेत त्याच्या हाताखाली तिघे होते, आणि तो गप्प बसला. जून गेला, रियाल हलला नाही. जुलै गेला. हलला तो रुपया, आणि तो उलटा, वर. जेवढं थांबावं तेवढी ती वाडी दूर सरकत होती. पण आता पाठवलं तर आजवर थांबलो ते मूर्खपणाचं ठरलं असतं, म्हणून आणखी थांबायचं. खेळात हरणारा उठत नाही तसं. ऑगस्टात इमारतीच्या मालकाचा माणूस, एक मिसरी, इजिप्तचा, पायऱ्या चढून आला आणि हसत हसत म्हणाला की इमारत पाडायची आहे, डिसेंबरअखेर खलास. नवी जागा बघायला फजल महिनाभर फिरला. दुप्पट भाडं, आणि जागा अशी की खिडकी उघडली तर दुसऱ्याची भिंत. जैतूनबी तेव्हाही म्हणाली, "रियाल सुटू दे. मग बघू." नोव्हेंबरात तर सगळं दोहा तेच म्हणत होतं. पैसे पाठवायच्या दुकानांसमोर माणसं नुसती उभी राहून फलकावरचा आकडा बघून परत जात होती. मशिदीबाहेर, मासळीबाजारात, सलूनमध्ये, एकच: सुटणार, डिसेंबरात सुटणार, सहाजण इथेच जमणार आहेत. तिला वाटलं होतं, सगळं गाव आपलं ऐकतंय.

दुपारी दार वाजलं. निवृत्ती आला होता, परभणीकडचा, एसी दुरुस्तीवाला. पलीकडच्या गल्लीत एका खोलीत सहा जण राहायचे, त्यांचे डबे जैतूनबीच्या घरून जायचे. "चाची, काय म्हणतेत तुमचे शेख लोक?" दारातच चपला काढत त्याने विचारलं. "सुटला का न्हाई रियाल?" "सुटेल," ती म्हणाली. "बसलेत आत्ता. जेवणंखाणं व्हायचीत. तुमच्या खोलीतल्यांना सांग, आज पाठवू नका, उद्या बघा." निवृत्तीने डबे उचलले, एकावर एक रचले, मान हलवली, आणि मग जाता जाता, का कोण जाणे, खरं बोलून गेला. "चाची, रागावू नका. तुम्ही म्हन्लात तवा मी हो म्हन्लो. पर पाठवत होतो मी. समदेच पाठवत होतो. फुलाबाई थांबायची न्हाई वो. पहिल्या आठवड्यात पैसा न्हाई गेला तर तिचा फोन येतो, दुसरी ठेवली का म्हनून." तो स्वतःच हसला. जैतूनबीही हसली, तोंड वाकडं करून. "बायकोला भितोस मेल्या, म्हणून तुला दुसरी मिळत नाही." "तेच तर," तो म्हणाला, आणि डबे सांभाळत पायऱ्या उतरला. त्याच्या पायांचा आवाज खाली जाईपर्यंत ती दार धरून उभी होती. म्हणजे कुणीच थांबलं नव्हतं. फलकासमोर उभे राहणारे, मशिदीबाहेर बोलणारे, सगळे मान हलवून, हो हो म्हणून, मागच्या दाराने पाठवत होते. सगळ्या दोह्यात थांबलं ते एकच घर, कारण त्या एकाच घराला जैतूनबीचा शब्द मोडायची सोय नव्हती. तिने आत वळून बघितलं. सुरय्या धुतलेले कपडे घड्या घालत होती. कपडे कपाटात जात नव्हते, सोफ्यावर रचले जात होते, पोरीचे एकीकडे, तिचे स्वतःचे एकीकडे. "हे काय?" "काही नाही अम्मी. वेगळे करते." "कशाला?" सुरय्याने पोरीचा पुढचा फ्रॉक उचलून घडी घातली. तिचं हे टाळणंही आज आदबीचं नव्हतं, थकलेलं होतं.

शफा शाळेतून आली तेव्हा पडद्यावर अजून गालिचे होते. "शफा, बघ गो जरा, खाली काय लिहून येतंय ते. इंग्रजीत लाव." नात आठ वर्षांची, मराठी सगळी समजायची, बोलायची नाही. तिने रिमोट दाबला, पायमोजे काढत वाचलं. "दे आर टॉकिंग अबाउट कॉमन मार्केट, दादी." "म्हणजे?" "लाइक... एव्हरीबडी कॅन डू जॉब एनीव्हेअर. अँड बिझनेस." "आणि रियालाचं? पैशाचं?" "नथिंग." "नीट बघ." "दादी, आय ॲम टेलिंग यू ना, नथिंग!" आणि मग, पायमोजा हातात तसाच ठेवून, पोरीने एकदम विचारलं, "दादी, आर यू ऑल्सो कमिंग टू खेड?" जैतूनबीला खेड एवढंच कळलं. खेड म्हणजे सुरय्याचं माहेर. सुट्टीत जातात पोरी माहेरी. पण आता सुट्टी नव्हती. सोफ्यावरच्या घड्यांकडे तिची नजर गेली, आणि सुरय्या आतून धावत आल्यासारखी आली आणि पोरीला न्हाणीघरात घेऊन गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. जैतूनबी बसून राहिली. सहा भाऊ एका लांब टेबलाभोवती बसले होते, प्रत्येकासमोर पाण्याची एकेक बाटली, आणि कुणीच पाणी पीत नव्हतं.

फजल मगरिबच्या नमाजानंतर आला, घामाने भिजलेला, कारण अर्धा रस्ता चालत आला होता. आला तो थेट आईसमोर खुर्ची ओढून बसला. एरवी तो आधी हातपाय धुवायचा. "अम्मी, काही झालं नाही."

"आज नाही तर उद्या होईल. दोन दिवस आहेत ना बसायला?"

"नाही होणार. बँकेत साहेब सांगत होते, मनात असेलही कुणाच्या, पण बोलून दाखवायचीही सोय नाही. ह्यांनी एकट्याने केलं तर सगळी एकी मोडली म्हणतील. आणि एकी मोडायची नाही म्हणून रियाल डॉलरलाच."

"असा कसा रे हा राजा? घर याचं, गॅस याचा, भाव याच्या लोकांना चढलेत. आणि स्वतःच्या नाण्याचं स्वतःला ठरवता येत नाही?"

फजलने कपाळावरचा घाम पुसला. त्याच्या तोंडावर काही येऊन गेलं आणि त्याने ते गिळलं; लहानपणापासून तो असाच गिळत आला होता. मग म्हणाला, "नफिसाचा फोन होता दुपारी. ती म्हणते, सुटून तरी काय झालं? तिथेही सगळं महागच आहे. दिनार वर गेला तो बोटभर."

"तिला काय कळतं?"

"अम्मी." तो खाली बघून बोलायला लागला, पाठ केल्यासारखं. "आफताबचाचांनी वाडी विकली. पंधरवडा झाला. मुंबईचा कुणी हॉटेलवाला आहे. त्यांनी दोनदा फोन केला होता मला, आधी. मी म्हटलं, अम्मी थांबा म्हणते. ते म्हणाले, रहमानला दिलेला शब्द मी आठ वर्षं सांभाळला, आता माझा नाइलाज आहे."

पंधरवडा. म्हणजे पंधरा दिवस ती रोज सकाळी उठून जी वाडी मनात बघत होती, विहीर कुठे खणायची, पडवीचं तोंड कुठे करायचं, ती कुणा दुसऱ्याची होती, आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आठ वर्षांच्या पोरीलाही. तिच्यासमोर सगळे मान हलवत होते. तिचा हात गळ्याकडे गेला, किल्ली चाचपली, आणि किल्लीच्या त्या थंड स्पर्शाने तिला पहिल्यांदा भीती वाटली. "मला का नाही सांगितलंस?" असं विचारायचं होतं, तोंडातून निघालं, "तो आफताब नासका. त्याची आई पण तसलीच होती." फजल थांबला. तिचं बोलून होऊ दिलं. मग पुढचं: इमारत महिनाअखेर रिकामी करायची, तो स्वतः चौघांबरोबर एका खोलीत राहील, बँकेजवळ, कुटुंब ठेवणं आता परवडत नाही, हे त्याने जुलैमध्येच म्हणायला हवं होतं, पुढच्या शुक्रवारची तिकिटं काढली आहेत. तिघींची. गावात आपल्याला जागा नाही, अब्बांचा वाटा आपण सोडला आहे, म्हणून सध्या खेडला. सुरय्याच्या आईकडे.

"विहिणीच्या घरी?" जैतूनबी म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही, चिरला. "मी? तिच्या दारात राहू? त्यापेक्षा इथेच पुर मला, तुझ्या बापाशेजारी."

"अम्मी, व्हिसा माझ्यावर आहे. मी कुटुंबाचा व्हिसा रद्द केला की..."

"केलास?"

"केला."

एवढा एकच शब्द. याच पोराने लग्नाच्या दिवशी शेरवानीचा रंग तिला विचारला होता. जैतूनबीला आता काहीतरी फोडावंसं वाटलं, टीव्ही, कप, काहीही, पण हात मांडीवरच राहिले. तिला दिसत होतं की तो निर्दयपणाने बोलत नाहीये. तो रडत होता, आणि रडता रडता ठरवत होता. तिनेच त्याला कधी ठरवू दिलं नव्हतं, त्यामुळे ठरवायची पहिली वेळ आली तेव्हा त्याच्या हातात फक्त हेच उरलं होतं: घर मोडायचं कसं. तिला म्हणावंसं वाटलं, बरोबर करतोस रे. हे वाक्य तिला कधी कुणाला म्हणता आलं नव्हतं. आजही आलं नाही.

आतून सुरय्याचा आवाज येत होता. ती फोनवर होती, हळू बोलत होती, शुक्रवार, हो, तिघी, सामान जास्त नाही. मग ती दारात आली, पदराने फोन झाकून. "अम्मी, माझी आई तुमच्याशी बोलायचं म्हणते."

तय्यबाबी. खेडची, तांदळाच्या गिरणीवाल्याची बायको, गोड बोलणारी, चालताना आवाज न करणारी. लग्नाच्या वरातीत तिने लेकीबरोबर पितळेची भांडी पाठवली होती, हौसेने, नावं घालून. जैतूनबीने ती टेम्पोतून उतरूच दिली नव्हती. शंभर माणसांसमोर म्हणाली होती, आमच्याकडे भांडी आहेत, सून तेवढी ठेवून जा. त्यानंतर आठ-नऊ वर्षांत दोघी ईदपुरत्या बोलल्या, आणि प्रत्येक वेळी फोन आधी जैतूनबीने ठेवला. तिने फोन घेतला. तो सुरय्याच्या कानाने गरम झालेला होता.

"सलाम आलेकुम, जैतूनबी. बऱ्या आहात ना?"

"आलेकुम सलाम."

"मनाला काही लावून घेऊ नका हां. पोरांच्या नोकऱ्यांचं असंच. तुमचंच घर आहे हे. मी काय म्हणत होते, खोली तयार करून ठेवते. माडीवरची आहे, हवा छान येते, पण जिना जरा उभा आहे. आणि खालची आहे, ओसरीला लागून, पण तिथे गिरणीचा आवाज येतो, आणि माणसांची ये-जा. तुम्हाला कुठली हवी, सांगा. मोकळेपणी सांगा."

गुडघे म्हणत होते, खालची. ओसरीवर येणारे-जाणारे तिला बघतील, ही बघा रत्नागिरीवाल्यांची जैतूनबी, सुनेच्या माहेरी. म्हणून मान म्हणत होती, माडीवरची. समोर फजल दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता. सुरय्या उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची एक रेघही नव्हती, तेच जैतूनबीला सहन होईना. टीव्हीवर सहाजण उठून एका ओळीत उभे राहिले होते, फोटोसाठी. तिने जीभ टाळ्याला लावून बघितली. जीभ होती. सगळं आयुष्य जिने घर चालवलं ती जीभ जागेवरच होती.

"तुम्ही द्याल ती," जैतूनबी म्हणाली.

पलीकडून फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर, आणि तय्यबाबीचा आवाज, मोठा, गोंधळलेला.

"हॅलो? हॅलो, कोण बोलतंय? अहो, जैतूनबीला द्या ना फोन."